महिपत फिट हाय

आमच्या उमरठात इंग्रजी शब्द यायचे ते मुंबईकरांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून. साबणाच्या वड्या, चहापूड, पोरांना गोळ्या आणि वर चार शब्द. साबण कसा लावायचा ते आणणारा दाखवायचा, पण शब्द कुठे लावायचा ते कोणी सांगत नसे. ज्याच्या हाती जो लागेल तो त्यानं आपल्या अकलेनं वापरावा. माझ्या सासूबाई साळूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या रागावल्या की मांजराला ‘इस्टुपीट’ म्हणत आणि लाडात आल्या की नातवालाही तेच म्हणत. शेजारचे सोनबातात्या लढाईच्या काळात मुंबईच्या गोदीत हमाली करून आले होते. खोक्यांवर छापलेले आणि मुकादमानं ओरडलेले शब्द तेवढं त्यांचं इंग्रजी. पण ते त्यांनी जपून ठेवलं होतं. न आवडलेला माणूस ‘डॅमेज’ आणि आवडलेला माणूस ‘अर्जंट’. गावात त्यांना फार मान होता.

मी महाडची, बाजारपेठेतली. मराठी सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन उमरठात आले तेव्हा मला वाटत होतं, आपल्याला बरंच काही कळतं. सुनेला काय कळतं हे सुनेनं ठरवायचं नसतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यानंतर मी जे पाहिलं ते चुलीपुढे बसून पाहिलं, आणि जे बोलले ते बहुतेक भाकरीशी बोलले.

हे घडलं संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आदल्या वर्षी. माझी नणंद शकू लग्नाची झाली होती आणि कुडपणच्या महिपतशी तिची सुपारी फुटली होती. कुडपण वर डोंगरावर, सपाटीवरचं गाव. महिपत विधवा आईचा एकुलता एक. आई ठमाबाई म्हणजे काटक बाई, नाचणीचं पोतं डोक्यावर घेऊन डोंगर उतरायची. पोरगा मुंबईला एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली होता, पण बदलीवर, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवसापुरता. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, येसाजींनी, सुपारी फोडतानाच सांगून टाकलं होतं, “पोर कायम होऊ दे. कायम झाला की हळद.”

त्यात वावगं काही नव्हतं. कायम झाला की कारखान्याची खोली मिळणार होती आणि महिपत शकूला मुंबईला नेणार होता. शकूनं मुंबई काही मागितली नव्हती. तिला महिपत हवा होता, तो कुठेही राहिला तरी. हे तिनं मला सांगितलं नाही. शिमग्याला तो पालखीबरोबर आमच्या दारात आला तेव्हा हिनं घाईघाईत मिठाऐवजी आमटीत साखर घातली, त्यावरून मला समजलं.

त्याच शिमग्यानंतर शकूच्या हातात लाल काचेच्या बांगड्या दिसायला लागल्या. सुरेख बांगड्या, मुंबईच्या. मनगटावर अशा बसलेल्या की पुढे सरकत नव्हत्या आणि रुततही नव्हत्या. मी विचारलं, तर म्हणाली, “छबिन्यात घेतल्या.” महाडच्या छबिन्याच्या जत्रेला आम्ही त्या वर्षी गेलोच नव्हतो. पण मी काही बोलले नाही. आत्याबाईंना मी सांगितलं, माझ्या आईनं धाडल्या. सासरी आल्यापासून मी एवढं एकच खोटं बोलले होते आणि ते मला फार आवडलं होतं.

चैत्रात आमचे हे मीठ आणि रॉकेल आणायला पोलादपूरला गेले. स्टँडवर मुंबईची एसटी उभी. तिच्या अंगावर खडूनं ‘झालाच पाहिजे’ लिहिलेलं. खिडकीत दत्ताराम. हा दत्ताराम मुंबईत महिपतच्याच खोलीवर राहायचा. तो खाली खेडाकडे सासुरवाडीला चालला होता. त्यानं यांना पाहिलं आणि अर्धा बाहेर येऊन ओरडला. तेवढ्यात ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. काय ऐकलं आणि काय इंजिनानं गिळलं ते यांना आजही सांगता येत नाही. घरी आले ते रॉकेलचा डबा अंगणात ठेवून डोक्याला हात लावून बसले.

“काय झालं रे?” मामंजींनी विचारलं.

“दत्ताराम भेटला. सांगत होता, महिपतला डाक्टरनं तपासलान.”

“मग?”

“फिट म्हणाला.”

“फिट?”

“फिट.”

 माहेरी मी हा शब्द ऐकला होता, पण उमरठात त्याला एकच अर्थ होता आणि तो फार वाईट होता. आदल्या पावसाळ्यात वरच्या आळीतला चांगू मुंबईहून आजारी होऊन आला होता. भातलावणीत तो चिखलातच आडवा झाला, हातपाय झाडू लागला, तोंडाला फेस आला. महाडच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं, “याला फिट येते.” आमच्याकडे त्याला फेफरं म्हणतात. पण तोंडावर फेफरं म्हणण्यापेक्षा फिट म्हटलं की जरा बरं दिसतं, म्हणून गावानं तो शब्द चांगूच्या घरासाठी ठेवून घेतला होता. आता तो आमच्या दारात आला.

मी आतूनच म्हणाले, “मामंजी, आमच्या महाडला शिंपीही फिट म्हणतात. झंपर अंगाला बरोबर बसला की फिट झाला म्हणतात.”

“महिपत काय झंपर हाय?” आत्याबाई म्हणाल्या.

मी चुलीत लाकूड सरकवलं. सोनबातात्यांना बोलावण्यात आलं. ते आले, ओटीवर मांडी घालून बसले, सुपारी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. गोदीतल्या सगळ्या खोक्यांवरून एकदा मन फिरवून आणलं असावं. मग म्हणाले, “पोरगा कामाला कुणाच्या हाताखाली हाय?”

“फिटरच्या,” आमचे हे म्हणाले.

“मग आता बोला. फिटरच्या हाताखाली राहून फिट नाय येणार तर काय येणार?”

एवढं सरळ गणित कोणाला नाकारता येईना. मामंजींनी नुसती मान हलवली. माणूस वाईट नव्हता. पोरीच्या जिवाला लागेल म्हणून घाबरला होता आणि घाबरलेला माणूस पहिला जो अर्थ सापडेल तो घट्ट धरून बसतो. पण मला राग आला तो आला. कुडपण काही विलायतेत नव्हतं. एक माणूस पाठवून विचारलं असतं तरी चाललं असतं. मामंजींनी माणूस पाठवला, पण शिवथरला. शिवथरच्या खोऱ्यात एक बिजवर होता, पोटापुरती जमीन, दारात दुभती म्हैस आणि आवाज असा की तो नदीपलीकडच्या माणसाशी इकडूनच भांडायचा. त्याच्याकडून आधी एकदा विचारणा झाली होती. आता आमच्याकडून झाली. पौर्णिमा झाली की पोरीला बघायला येतो, असा त्याचा उलटा निरोप आला.

त्या संध्याकाळी शकू माझ्याशेजारी भाकऱ्या थापत होती. पीठ मळता मळता हळूच म्हणाली, “वयनी, फिट म्हंजी ते नाय.”

“मग काय?”

तिनं पिठाची बोटं बांगड्यांवरून फिरवली.

“तुला कसं ठाऊक?”

तिनं भाकरी उलटली. तिला सांगता येत होतं, पण सांगायचं म्हणजे कोणाकडून कळलं तेही सांगावं लागलं असतं. सुपारी फुटलेल्या पोरीनं लग्नाआधी नवऱ्या मुलाकडून बांगड्या घ्यायच्या, त्याच्या हातून भरून घ्यायच्या, आणि वर त्याच्याकडून इंग्रजी शिकायचं! असं उघड झालं असतं तर मामंजींनी तिला घराबाहेर काढलं नसतं, पण घरात ठेवूनही माफ केलं नसतं. बोलली तर अब्रू जाणार आणि गप्प राहिली तर शिवथर. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं मला माहीत नाही. बहुतेक भाकरी करपवली असती. तिची एकही करपली नाही.

कुडपणला बातमी पोचली ती आपोआप. दुसऱ्याच दिवशी ठमाबाई डोंगर उतरून आली. ओटीची पायरी चढली नाही, अंगणातच उभी राहिली.

“येसाजीभाऊ, माझ्या पोराला फेफरं हाय म्हणून कोण सांगतंय?”

“फेफरं कोणी म्हणलं नाय,” मामंजी चाचरत म्हणाले. “फिट म्हणलं.”

“फिट तर फिट. माझं पोर जन्मात कधी पडलं नाय. आंब्यावरनं नाय पडलं, कड्यावरनं नाय पडलं. आता तुमच्या तोंडातनं पडतंय होय?”

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. सोनबातात्या मध्ये पडले. म्हणाले, “वयनी, तुम्ही म्हणता तसं असंल. पण माल न तपासता ताब्यात घ्यायचा नसतो. पोराला अर्जंट बोलवा. समोर बसवू, जेवायला घालू, बघू.”

ठमाबाईनं तेही मान्य केलं. मुंबईला जाणाऱ्या एका माणसाबरोबर तिनं निरोप धाडला, “अर्जंट ये.” तो निरोप तोंडातोंडी होत महिपतच्या खोलीवर पोचेपर्यंत ‘आई अर्जंट आहे’ असा झाला होता. पोरगा काय समजायचं ते समजला. त्याच आठवड्यात त्याला कारखान्यात कायमच्या कामावर रुजू व्हायचं होतं. डॉक्टरनं तपासून दिलं होतं, साहेबाची सही झाली होती. हे सगळं तसंच टाकून तो पहाटेच्या लाँचनं धरमतरला उतरला आणि एसटीनं पोलादपूर गाठून, रडत रडत डोंगर चढून घरी गेला. आई दारात नाचणी पाखडत बसली होती. त्यानं तिला जिवंत पाहिलं, तर तिनं पहिला प्रश्न विचारला, “तुला फिट येते का रे?”

तो म्हणाला, “येते काय? मी हायच फिट.”

ठमाबाईनं सूप खाली ठेवलं. पुढे किती वेळ लागला ठाऊक नाही, पण शेवटी त्यानं आईला समजावलं की फिट म्हणजे धडधाकट, फिट म्हणजे कामाला लायक. तिला पटलं. मग दोघं आमच्याकडे उतरले ते अगदी मोकळ्या मनानं. पोरगा तर हसतच आला. आता नुसतं बोलायचं आणि सगळं मिटेल, असं त्याला वाटत होतं.

पण सोनबातात्यांनी सांगून ठेवलं होतं की आधी काही विचारायचं नाही. आजारी माणूस आजार कबूल करत नसतो, तो दिसावा लागतो. म्हणून त्याला आल्या आल्या पानावर बसवलं. तात्या त्याच्या उजव्या अंगाला बसले. त्यांच्या एका मुठीत ठेचलेला कांदा आणि मांडीखाली गोदीतून आणलेला चामड्याचा बूट. फेफरं आलेल्याला कांदा आणि जोडा हुंगवला की तो शुद्धीवर येतो, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. तो बूट तात्या मुंबईहून आल्यापासून कोणी धुतलेला नव्हता. आमचे हे दाराशी उभे, आणि आळीतली दोन माणसं सहज आल्यासारखी भिंतीला टेकून. मामंजी समोर. ठमाबाई ओटीवर बाहेर. शकू माझ्यामागे, दाराच्या फटीला डोळा लावून.

मी वाढत होते. सुकटीची चटणी मीच वाटलेली होती आणि रागाच्या भरात वाटलेली होती. त्यात मिरची किती पडली याचा हिशोब मी ठेवला नव्हता. महिपतनं मोठा घास घेतला. तो घास आणि हसणं एकदमच त्याच्या घशात गेलं.

त्याला ठसका लागला. डोळे लाल झाले, पाणी वाहू लागलं. एका हातानं त्यानं छाती धरली, दुसऱ्यानं पाण्याचा तांब्या शोधताना हवेत हात मारला.

“आली!” सोनबातात्या ओरडले. “धरा!”

चौघांनी त्याला पानावरून मागे पाडला. एकानं पाय धरले, एकानं हात. तात्यांनी नाकात कांदा कोंबला आणि वर बूट दाबला. “डोकं वर ठेवा, डोकं वर!” ते खोक्यावरचं काहीतरी इंग्रजीतही ओरडले. जिवंत माणसाचं नाक असं दाबलं तर तो जे करेल ते महिपतनं केलं. त्यानं लाथा झाडल्या, पाठ उचलली, डोळे पांढरे केले. आळीतला एकजण आदल्या वर्षी चांगूलाही धरायला होता. तो म्हणाला, “डिट्टो तसंच.”

“सोडा!” बुटाखालून आवाज आला. “मी फिट हाय! एकदम फिट!”

“ऐका,” तात्या घाम पुसत म्हणाले. “स्वतःच्या तोंडानं कबूल केलान.”

ठमाबाई ओटीवरून आत आली आणि तिनं हाताला लागलेलं पहिलं माणूस बडवायला सुरुवात केली. ते आमचे हे निघाले. मामंजी भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा त्यांचीही दया आली. महिपत बुटाच्या वासानं खरोखरच अर्धवट झाला आणि निपचित पडला. तात्यांनी बूट काढला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आपला निकाल सांगितला, “डॅमेज.”

मामंजी म्हणाले, “शिवथरला सांगा, उद्याच या.”

तेव्हा शकू मला बाजूला सारून बाहेर आली. डोक्यावरचा पदर घट्ट, पण हात पुढे केलेला.

“बाबा, फिट म्हंजी आजार नाय. फिट म्हंजी हे.” तिनं मनगट बापाच्या डोळ्यांपुढे धरलं आणि एक बांगडी बोटानं हलवली. “सैल नाय, रुतत नाय. जसं पाहिजे तसं बसलं, त्याला फिट म्हणतात. डाक्टर म्हणाला, मानूस कामाला तसा हाय. एवढंच.”

 बांगड्या तर सगळ्यांना दिसत होत्या. कळलंही सगळ्यांना. आत्याबाई पहिल्यांदा सावध झाल्या.

“हे तुला कोणी सांगितलं गो?”

“त्येंनीच. बांगड्या घालताना.”

‘त्येंनी’ हा शब्द घरभर फिरून मामंजींपाशी आला. आमच्याकडे बाई नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला ‘त्येंनी’ म्हणत नाही. मामंजींनी आधी शकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कारण बांगड्या माझ्या आईनं धाडल्या होत्या ना! मी तांब्या उचलून पाणी आणायला गेले.

“बांगड्या कोणी घातल्या?” त्यांचा आवाज मला आत ऐकू आला.

“मी,” जमिनीवरून महिपत म्हणाला. नाकात अजून कांद्याचा तुकडा होता, पण बोलला ते स्पष्ट बोलला. मला तो त्याच वेळी पसंत पडला.

आता घोटाळा असा झाला की आजारी जावई नाकारता आला असता, पण पोरीच्या हातात बांगड्या भरलेला जावई नाकारायचा कसा? शिवथरच्या बिजवराला म्हशीसकट हे कळलं तर तो नदीपलीकडून सगळ्या खोऱ्याला सांगणार.  फिटीपेक्षा बांगड्या मामंजींना जड गेल्या. सोनबातात्यांनी बूट काखेत घेतला, वारा कुठून वाहतो ते पाहिलं आणि एसटीच्या अंगावरचं आठवून म्हणाले, “आता लगीन झालंच पाहिजे!”

फिट म्हणजे धडधाकट, हे घरातल्या किती जणांना पटलं ते मी सांगू शकत नाही. विचार त्या बाजूला गेलाच नाही. लग्न ठरलं ते शकूच्या अब्रूसाठी, महिपतच्या तब्येतीसाठी नव्हे.

लग्न वैशाखात झालं. कायम होण्याची अट मामंजींनी स्वतःच सोडली. वाट पाहायला वेळ नव्हता. चुडा भरायला कासार आला तेव्हा शकूच्या लाल बांगड्या काढाव्या लागल्या. त्या निघेनात. मी तिच्या हाताला साबण चोळला आणि एक एक करून काढल्या. एकही फुटू दिली नाही. तिनं त्या फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या. म्हणाली, “मुंबईला गेले की घालीन.”

मांडवात ठमाबाई सुनेचं तोंड कुरवाळून म्हणाली, “माझ्या जन्माचे पांग फिटले गो बाय.” सोनबातात्यांनी लगेच मान वळवली. “ही पण म्हणते, फिट.” हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. नंतर मात्र मनात आलं की आपल्याकडे गाठ सुटली की फिटली म्हणतात आणि नेसू सुटलं की फिटलं म्हणतात. साहेबाचा शब्द बसण्याचा आणि आमचा सुटण्याचा. एका मांडवात दोन्ही नांदायला आले होते. कोणता जिंकणार ते मला तेव्हा कळलं नाही.

हळद उतरली आणि महिपत मुंबईला गेला. रुजू व्हायचा दिवस कधीच उलटून गेला होता. कारखान्यातला कारकून चांगला माणूस निघाला. म्हणाला, घरची अडचण होती असं लिहितो, तू फक्त पुन्हा डॉक्टरपुढे उभा राहा, आता ती नुसती सही आहे. आधीचा डॉक्टर रजेवर गेला होता. त्याच्या जागी नवा साहेब होता, मराठी न येणारा. त्यानं महिपतची छाती ऐकली, डोळे पाहिले, जीभ पाहिली. सगळं ठीक होतं. मग पेन उचललं आणि सही करता करता, मान वर न करता विचारलं, “फिट?”

महिपत मला पुढे म्हणाला, “वयनी, तो शब्द ऐकला न् माझ्या नाकात तात्यांचा बूट शिरला.”

उमरठात तो फिट म्हणाला होता, तर चौघं अंगावर बसले होते. हा तर डॉक्टर होता. याच्याकडे काय काय असेल! त्याला दरदरून घाम फुटला. आपण उमरठात शिकलो ते विसरून चालणार नाही, असं मनाशी म्हणून त्यानं दोन्ही हात जोडले आणि फिटरकडून शिकलेलं सगळं इंग्रजी एकदम बाहेर काढलं.

“नो साहेब! नो फिट! नेव्हर फिट! आईशपथ!”

साहेबानं पेन थांबवलं. नीट समजलं का म्हणून हळू आवाजात पुन्हा विचारलं, “नॉट फिट?”

“नॉट, साहेब, नॉट!” महिपत म्हणाला. साहेबाला अखेर कळलं, याचा त्याला इतका आनंद झाला की तो हसला.

साहेबानं त्याचं म्हणणं तसंच्या तसं लिहून घेतलं. जो माणूस शपथेवर सांगतो की मी लायक नाही, त्याच्याशी वाद कोण घालणार? महिनाभरानं ती जागा दुसऱ्या एकाला मिळाली. तो फिट बसला. बदलीचं कामही राहिलं नाही, कारण ज्याला कायम करता येत नाही त्याला ठेवायचं कशाला, असा तिथला नियम होता. गणपतीला मुंबईकर गावी आले त्यांच्याबरोबर महिपतही आला. ते परत गेले, हा राहिला.

त्या दिवाळीनंतर मी कुडपणला शकूकडे गेले. आमचे हे आणि मी. वर सपाटीवर नाचणीची कापणी चालली होती. महिपत उघड्या अंगानं पेंढ्या बांधत होता, उन्हानं रापलेला, दणकट. कोणत्याही डॉक्टरनं लांबून पाहून सही केली असती. जेवताना त्यानं सगळी हकिगत स्वतःच सांगितली. नकला करून, साहेबाचा आवाज काढून. आम्ही पोट धरधरून हसलो. ठमाबाईही हसली. शकू हसली नाही, वाढत राहिली.

जेवण झाल्यावर पुरुष बाहेर अंगणात बसले. शकूनं ट्रंक उघडली, तळातून फडकं काढलं. लाल बांगड्या तशाच चकचकीत होत्या. “मुंबई काय आता होत नाय,” ती म्हणाली, “मग घालूनच टाकते म्हणलं. उगाच कशाला ठेवायच्या.” तिनं हात पुढे केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उमरठात त्या हातानं भाकरी थापली होती, आता त्यानं डोंगरावरची कापणी केली होती, लाकडं फोडली होती, पाण्याचे हंडे चढावरून आणले होते. पंजा रुंद झाला होता आणि बोटांची पेरं जाड. बांगडी अंगठ्याच्या गाठीपाशी आली आणि थांबली. मी साबण आणते म्हणाले. तिनं मान हलवली.

“राहू दे वयनी. आता फिट नाय बसत.”

बाहेर अंगणातलं बोलणं एकदम थांबलं. क्षणभरानं महिपतचा आवाज आला. मघाचं हसू त्यात नव्हतं.

“काय म्हणलीस गो?”

शकूनं माझ्याकडे पाहिलं. बांगड्या फडक्यात गुंडाळल्या, ट्रंकेत ठेवल्या आणि झाकण हळूच लावलं.

“काय नाय,” ती बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली. “बांगड्या लहान झाल्या म्हणते.”